सलीम अली : साक्षीदारांची साखळी

एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी मारली. मुंबईच्या खेतवाडीतल्या त्या मोठ्या बोहरा कुटुंबात मुलांना शिकारीचे वेड होते आणि मारलेला पक्षी स्वयंपाकघरात जाई. पण या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. अशी चिमणी घरात कोणी पाहिली नव्हती. नेहमीच्या चिमणीबद्दल शंका नव्हती. ही वेगळी दिसणारी मात्र मुसलमानाने खावी की खाऊ नये, म्हणजे हलाल की हराम, असा प्रश्न त्या मुलाला पडला. पक्षी हातात घेऊन तो मामूंकडे गेला.

मामू अमीरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी होते आणि त्यांनाही ओळख पटेना. त्यांनी अंदाजाने उत्तर दिले नाही. मुलाला एक चिठ्ठी लिहून दिली आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. ही १९०८ सालची गोष्ट. मिलार्ड यांनी चिमणी ओळखली. ती पीतकंठी चिमणी होती, आपल्याकडे जिला रानचिमणीही म्हणतात. मग त्यांनी एकेक कपाट उघडून भुसा भरलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखवले, वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्याचे कातडे सोलून ते टिकवून कसे ठेवायचे हे शिकवण्याची व्यवस्था केली.

तो मुलगा म्हणजे सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली. पुढे जग त्यांना डॉ. सलीम अली म्हणून ओळखू लागले. ही चिमणीची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचली असेल. तिच्यातली एक बाजू मात्र नजरेतून सुटते. मुलाला प्रश्न पडला, घरातल्या वडीलधाऱ्याने आपल्याला माहीत नाही हे मान्य केले आणि ज्याला माहीत होते त्याचे दार उघडे होते. या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून सलीम अली घडले. पुढची जवळजवळ ऐंशी वर्षे त्यांनी असेच एक दार संपूर्ण देशासाठी उघडे ठेवले.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतला. एक वर्षाचे असताना वालिद गेले, तीन वर्षांचे असताना वालिदा झीनतुन्निसा गेल्या. अमीरुद्दीन मामू आणि हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी बहिणीच्या या पोरक्या मुलांना आपल्या घरी वाढवले. स्वातंत्र्यलढ्यातले अब्बास तय्यबजी हे त्यांचे आणखी एक मामू. घराणे नावाजलेले होते, पण सलीमचे अभ्यासात लक्ष नव्हते. सेंट झेवियर्स कॉलेज अर्ध्यावर सोडून १९१४ मध्ये ते ब्रह्मदेशात तवॉयला गेले. तिथे कुटुंबाचा वुलफ्रॅमच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. त्यांचे अर्धे लक्ष मात्र आसपासच्या जंगलातल्या पक्ष्यांकडेच असे. १९१७ मध्ये ते परत आले. दावर कॉलेजात हिशेबशास्त्र आणि व्यापारी कायदा शिकत असताना झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी त्यांची ओढ ओळखली आणि त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवले. १९१८ मध्ये त्यांचा तहमीना बेगम यांच्याशी निकाह झाला.

विद्यापीठाची पदवी हातात नव्हती, म्हणून झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियामधली पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, ते निसर्गविभागाचे गाईड लेक्चरर झाले. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला प्रा. एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे शिकायला गेले. जर्मनीतच हेलगोलँड बेटावर त्यांनी पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांच्या प्रवासाचा माग काढण्याचे तंत्र पाहिले. १९३० मध्ये परत आले, तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली होती.

वय चौतिशीला टेकलेले, नोकरी नाही. मुंबईचा खर्च झेपेना म्हणून पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर सलीम अली त्या घरट्यांकडे बघत बसले. मराठीत आपण या पक्ष्याला सुगरण म्हणतो, जणू घर मादीच विणते. प्रत्यक्षात विणतो तो नर. तो घरटे अर्धे विणून थांबतो. मादी येऊन ते पारखते. पसंत पडले तर ती त्यात राहते आणि नर उरलेले काम पुरे करतो. मग तो शेजारी दुसरे घरटे सुरू करतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. सुगरणीचा हा संसार नीट नोंदवून जगापुढे ठेवणारा तो निबंध एका बेकार माणसाने, घराच्या आवारात बसून लिहिला होता.

त्या काळी हिंदुस्थानातल्या पक्ष्यांविषयीचे ज्ञान म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांचे ज्ञान होते. एकोणिसाव्या शतकात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी देशभरातल्या आपल्या ओळखीच्या अधिकाऱ्यांकडून नमुने आणि नोंदी मागवल्या आणि त्या छापण्यासाठी स्वतःचे नियतकालिक चालवले. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. पक्षितज्ज्ञांचे देशव्यापी जाळे विणण्याचा हिंदुस्थानातला तो पहिला मोठा प्रयत्न. पण सगळे धागे एका माणसाच्या हातात होते. सिमल्याच्या बंगल्यातून त्यांच्या वर्षानुवर्षांच्या हस्तलिखितांची चोरी झाली आणि ते कागद बाजारात रद्दीच्या भावाने गेले. ह्यूम यांचे मन उडाले. आपला प्रचंड संग्रह त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला आणि ते जाळे तिथेच विरले.

१८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी मिळून स्थापन केलेली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी मात्र टिकली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. सलीम अलींनी आपले सारे काम या संस्थेला बांधून टाकले. माणूस जातो, संस्था राहते, हे त्यांना लवकर उमगले होते.

पगाराची नोकरी नव्हती, तेव्हा त्यांनी एक वेगळाच प्रस्ताव मांडला. संस्थानिकांनी फक्त तळाचा आणि प्रवासाचा खर्च द्यावा, आपण मेहनताना न घेता त्यांच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी करू. पहिली पाहणी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानात झाली. तेव्हा आपला मराठवाडाही निजामाच्या राज्यात होता. मग त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. बैलगाडी, तंबू, कंदील, आणि सोबत तहमीना बेगम. इंग्लंडमध्ये शिकलेल्या त्या बाई जंगलातल्या तळावर संसार मांडत होत्या. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा इंतकाल झाला. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण कम्मू आणि मेहुणे हसन अली यांच्या वांद्र्याच्या घरी ते राहू लागले आणि उरलेले आयुष्य कामात गेले.

या पाहण्यांमध्ये त्यांना मोठी मदत झाली ती ह्यू व्हिसलर या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याची. दोघांची ओळख भांडणाने झाली होती. पल्लवपुच्छ कोतवालाच्या शेपटीबद्दल व्हिसलर यांनी लिहिलेली एक गोष्ट चुकीची असल्याचे सलीम अलींनी दाखवून दिले. कोण कुठला हिंदी माणूस आपली चूक काढतो, म्हणून व्हिसलर चिडले. पण त्यांनी आपल्याकडचे नमुने पुन्हा काढून तपासले आणि चूक कबूल केली. पुढे दोघे जवळचे मित्र झाले. जाळ्यातल्या माणसांचे मोठेपण हुद्द्यावर ठरत नाही, नमुना काय सांगतो त्यावर ठरते, हा दंडक दोघांनीही मानला.

आपल्याकडे हदीसच्या शास्त्रात एखादी गोष्ट कोणी सांगितली एवढे पुरत नाही. त्याने ती कोणाकडून ऐकली, त्या आधीच्याने कोणाकडून, अशी सारी साखळी तपासली जाते. तिला इसनाद म्हणतात. साखळीतला प्रत्येक रावी खरा बोलणारा होता का, त्याची याददाश्त कशी होती, हे पाहणारे अस्मा-उर-रिजाल नावाचे वेगळे शास्त्रच आहे. पक्ष्यांच्या नोंदीलाही हेच लागू पडते. कोणत्या तारखेला, कोणत्या गावी, कोणी पाहिले, आणि पाहणारा भरवशाचा आहे का? यातला एक दुवा खोटा निघाला, तर त्यावर रचलेले सगळे कोसळते.

याचे उदाहरण आपल्या नाशिक विभागातच आहे. रानपिंगळा हे खानदेशाच्या सागवानी जंगलातले छोटे घुबड. १८८४ नंतर त्याचा विश्वासार्ह नमुना कोणाला मिळाला नव्हता. मात्र कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या नामांकित इंग्रज पक्षितज्ज्ञाच्या संग्रहात १९१४ सालचा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून एक नमुना होता. तो खरा मानून शोधणारे चुकीच्या जागी शोधत राहिले. सलीम अलींचे सहलेखक डिलन रिप्ली यांनाही पक्षी सापडला नाही. पुढे उघड झाले, की माइनर्ट्झहॅगन यांनी तो म्युझियममधला जुनाच नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. ती खोटी साक्ष बाजूला सारून अमेरिकी शोधक खानदेशातल्या जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागावर निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. शंभराहून अधिक वर्षे नाहीसा समजला गेलेला पक्षी तिथेच होता. हरवली होती ती खरी साक्ष. याच माइनर्ट्झहॅगन यांच्यासोबत सलीम अली १९३७ मध्ये अफगाणिस्तानात फिरले होते. त्या गृहस्थांनी डायरीत त्यांच्याविषयी लिहिलेले अपमानकारक शेरे सलीम अलींनी आपल्या आत्मचरित्रात स्वतःच छापले. आपल्याविरुद्धची नोंदसुद्धा दडवायची नाही, असा त्यांचा स्वभाव होता.

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले आणि सामान्य वाचकाच्या हाती प्रथमच असे साधन पडले, की चित्र आणि वर्णन पाहून त्याने स्वतः पक्षी ओळखावा. पंडित नेहरूंनी ते तुरुंगात वाचले आणि मुलीला, इंदिरेला, वाचायला दिले. स्वातंत्र्यानंतर सोसायटी पैशांच्या अडचणीत आली, तेव्हा सलीम अलींनी नेहरूंना लिहून मदत मिळवली. रिप्लींसोबत भारत आणि पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. देशाची फाळणी झाली होती, पण पक्ष्यांची नोंद एकाच ग्रंथात राहिली.

या साऱ्या कामाच्या मुळाशी पत्रे होती. पुण्यातल्या एका शाळकरी मुलाला प्रश्न पडला, की काही वेड्या राघूंच्या शेपटीतली लांब पिसे का दिसत नाहीत. वडिलांना उत्तर येईना. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ ते. त्यांनी सांगितले, सलीम अलींना पत्र लिही. उत्तर लगेच आले : पिसे झडतात आणि नवी येतात. तो मुलगा म्हणजे पुढे पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी ओळखले गेलेले माधव गाडगीळ. खेतवाडीच्या मामूंनी जे केले तेच पुण्याच्या वडिलांनी केले, आणि मिलार्ड यांच्या जागी आता सलीम अली होते.

मुंबई विद्यापीठाने सोसायटीला संशोधनाचे केंद्र म्हणून मान्यता दिली आणि ज्यांना स्वतःला पदवीअभावी नोकरी नाकारली गेली होती, ते पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक झाले. कुटुंबातलेच हुमायून अब्दुलअली पक्षिशास्त्रात आणि वन्यजीव कायद्याच्या कामात उतरले. झफर फत्तेहअली यांनी १९६० मध्ये पक्षिनिरीक्षकांसाठी एक छोटी पत्रिका सुरू केली. तिच्यात प्राध्यापक, चहामळ्यातले व्यवस्थापक, रेल्वेतले नोकरदार अशा कोणाचीही नोंद छापली जाई, अट एकच, ती खरी हवी. १९६९ मध्ये वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाची भारतीय शाखा मुंबईत उभी राहिली, त्यातही फत्तेहअली अग्रभागी होते.

सलीम अलींनी हेलगोलँडला पाहिलेले कडी घालण्याचे तंत्र १९५९ नंतर इथे मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये एक नवा ताप पसरला होता. स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून तो आला असेल का, या शंकेमुळे जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले. पक्ष्याच्या पायातल्या बारीकशा कड्यावर क्रमांक असे आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा, असा इंग्रजी मजकूर. भरतपूरला कडे घातलेली बदके पुढे सायबेरियात आणि मध्य आशियात सापडली आणि तिथल्या अनोळखी माणसांनी मुंबईला कळवले. ती कडी शोधून काढणारा शिकारी किंवा कोळी न कळत या साखळीतला रावी झाला. पुढे या कामात अमेरिकी लष्कराचा पैसा आला, तेव्हा संसदेपर्यंत संशय पोचला आणि म्हाताऱ्या सलीम अलींना त्याचा त्रास सोसावा लागला. पैसा कुठून येतो, यावरही साक्षीची पत अवलंबून असते, हा त्यातला धडा.

त्यांच्या शब्दाला आता वजन आले होते. भरतपूरचे पाणथळ वाचवण्यात आणि केरळातली सायलेंट व्हॅली धरणापासून वाचवण्यात ते वजन कामी आले. पण भरतपूरलाच या जाळ्याची एक उणीवही दिसली. म्हशींच्या चराईने पक्ष्यांचे नुकसान होते असे सलीम अलींसह तज्ज्ञांचे मत होते. १९८२ मध्ये चराई बंद झाली. गावकरी विरोधात उभे राहिले, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसे मेली. सोसायटीने तिथे दहा वर्षे चालवलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष मात्र उलटा निघाला. म्हशी गेल्यावर गवत माजले, उथळ पाणी त्याने व्यापले आणि पक्ष्यांचेच नुकसान झाले. सलीम अलींच्या संस्थेने सलीम अलींचे मत खोडून काढले आणि तो अहवाल प्रसिद्ध केला. जाळे खरे असल्याची ही खूण. पण ज्या गुराख्याने पिढ्यान् पिढ्या ते पाणी आणि ते गवत पाहिले होते, त्याची साक्ष आधी घेतली असती, तर ते जीव गेले नसते. तज्ज्ञांच्या यादीत त्याचे नाव नव्हते.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि त्याच वर्षी अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची मानद डॉक्टरेट, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती. गेटी पुरस्काराचे पन्नास हजार डॉलर मिळाले, ते त्यांनी सोसायटीच्या निसर्गसंवर्धन निधीला दिले. रमजानच्या पानावर लिहितो म्हणून त्यांना परहेजगार बुजुर्ग ठरवणे खोटेपणाचे होईल. धार्मिक रिवाजांचे ते पाबंद नव्हते आणि हे त्यांनी लपवले नाही. पण माणूस गेल्यावरही ज्याचा फायदा चालू राहतो त्या कामाला आपण सदका-ए-जारिया म्हणतो, आणि लोकांना उपयोगी पडणारे इल्म त्यात मोजले जाते.

२० जून १९८७ रोजी मुंबईत, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचा इंतकाल झाला. त्याच वर्षी आपल्या उपखंडात पाणपक्ष्यांच्या वार्षिक गणनेला सुरुवात झाली. दर जानेवारीत शेकडो स्वयंसेवक तळ्यांकाठी उभे राहून पक्षी मोजतात आणि आकडे एका ठिकाणी जमा होतात. १९९० मध्ये कोइमतूरला त्यांच्या नावाचे पक्षिशास्त्र केंद्र उभे राहिले. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. तो मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसाला सुरू होतो आणि सलीम अलींच्या वाढदिवसाला संपतो.

नाशिककरांना यासाठी फार लांब जावे लागत नाही. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरले आणि नांदूरमध्यमेश्वर तयार झाले. महाराष्ट्राचे भरतपूर ही त्याची ओळख सलीम अलींच्या नावाशी जोडली जाते. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ. चापडगाव, खानगाव थडीच्या बाजूला थंडीत हजारो बदके उतरतात. पाण्याच्या कडेला उसाची आणि कांद्याची शेते आहेत, पाण्यात मासे धरणारे आहेत. पाणी कधी वाढले, कोणता पक्षी यंदा उशिरा आला, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाआधी कळते. भरतपूरचा धडा इथे विसरून चालणार नाही.

या ईदनंतर मुलांना घेऊन तिकडे जाल, तेव्हा एखादे पोर एखाद्या पक्ष्याकडे बोट दाखवून विचारेल, हा कोणता? माहीत नसेल तर तसे सांगा, आणि ज्याला माहीत आहे त्याच्याकडे त्याला घेऊन जा. तो मार्गदर्शक असेल, वनरक्षक असेल, किंवा काठावर जाळे सुकवत बसलेला कोळी असेल. अमीरुद्दीन मामूंनी एवढेच केले होते.